फ्लूची औषधे : साठ वर्षांचा हिशेब

ऑक्टोबर उजाडला की आपल्या मंडळींच्या बोलण्यात दिवाळीच्या फराळाबरोबर आणखी एक विषय हमखास येतो, तो म्हणजे फ्लू. सर्जरीतून लशीचे पत्र येते, मुले शाळेतून खोकला घेऊन घरी येतात, आणि कोणाचे तरी आई-वडील सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले असतात, त्यांना इथल्या थंडीत जपायचे असते. मग प्रश्न सुरू होतात. टॅमीफ्लू चांगले, की ते नवे, एकदाच घ्यायचे औषध चांगले? इथले डॉक्टर ‘पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या आणि झोपा’ म्हणतात, ते पैसे वाचवायला की खरोखरच तेवढे पुरते म्हणून? पुण्याला आईच्या कपाटात एक कोर्स ठेवून द्यावा का?

या प्रश्नांचे एका ओळीत उत्तर नाही, पण त्यांच्यामागे साठ वर्षांचा एक इतिहास आहे आणि त्याचा बराचसा भाग आपण राहतो त्या ब्रिटनमध्येच घडला आहे. तो वाचला की एक गोष्ट ध्यानात येते. दोन औषधांत चांगले कोणते, हे औषधाच्या नावावरून ठरत नाही. ते आजाराच्या कितव्या दिवशी दिले, कोणाला दिले, आणि ज्यांनी त्याची परीक्षा घेतली त्यांनी सगळे निकाल लोकांपुढे ठेवले का, यावरून ठरते. हा इतिहास आम्ही या लेखात थोडक्यात मांडत आहोत.

औषध नव्हते तेव्हा

आपल्या पणजी-पणजोबांच्या पिढीत ‘मानमोडी’ हा शब्द नुसता उच्चारला तरी माणसे गप्प होत. १९१८ चा हा फ्लू त्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीतून शहरात शिरला. पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी लाट मात्र काळ होऊन आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे दगावली. सबंध हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक लोक गेले. जगात दुसऱ्या कोणत्याही देशाने इतकी माणसे गमावली नाहीत.

त्या वेळी डॉक्टरांपाशी क्विनिन होते, ॲस्पिरिन होते, घरोघरी काढे होते. पण यातले एकही औषध मूळ रोगावर चालणारे नव्हते, कारण रोग कशाने होतो हेच ठाऊक नव्हते. तो एका जंतूने, म्हणजे बॅक्टेरियाने होतो असा समज होता. खरा गुन्हेगार सापडला तो १९३३ मध्ये, लंडनच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये. विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ या तिघांनी फ्लूच्या रुग्णाच्या घशातले पाणी बारीक गाळणीतून गाळून फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात सोडले. गाळणीत बॅक्टेरिया अडकतो, तरीही फेरेट आजारी पडले. म्हणजे रोगाचे मूळ त्याहून कितीतरी लहान होते. तो विषाणू होता.

पुढे पेनिसिलिन आले, न्यूमोनियाचे भय कमी झाले, पण फ्लूवर ते चालेना. याचे कारण साधे आहे. बॅक्टेरिया हा स्वतंत्र बिऱ्हाड असलेला जीव, त्याचे घर वेगळे, त्याची चूल वेगळी. ती चूल विझवली की तो मरतो. विषाणूला स्वतःची चूलच नसते. तो आपल्या पेशीत घुसतो आणि आपल्याच चुलीवर आपला स्वयंपाक करतो. चूल विझवावी तर आपलीच पेशी मरते. म्हणून विषाणूवरचे औषध शोधणारे त्याची अशी एखादी खोड हुडकत असतात, जी फक्त त्याची आहे, आपली नाही.

पहिले औषध : अमँटाडीन

अशी पहिली खोड सापडली ती बरीचशी योगायोगाने. अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या रसायनांपैकी अमँटाडीन हे एक रसायन फ्लूच्या विषाणूला अडवते असे १९६४ मध्ये जाहीर झाले, आणि १९६६ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ती आजार बरा करण्यासाठी नव्हती, तर १९५७ पासून चालू असलेल्या ‘एशियन फ्लू’ला प्रतिबंध म्हणून होती. आजारावरचा उपचार म्हणून मान्यता मिळायला १९७६ उजाडले.

ते कसे चालते हे शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांनी कळले. विषाणू पेशीत शिरला की त्याला आपले कवच उतरवावे लागते. त्यासाठी त्याच्या अंगावर एक बारीक छिद्र असते, त्यातून आम्ल आत जाते आणि कवच सुटते. अमँटाडीन या छिद्राला बूच मारते. कल्पना सुरेख होती, पण तिच्यात दोन त्रुटी होत्या. हे औषध फ्लूच्या ‘ए’ जातीवरच चाले, ‘बी’ जातीला त्याचे काहीच वाटत नसे. शिवाय म्हाताऱ्या माणसांना त्याने झोप न लागणे, चक्कर येणे, भ्रम होणे असले त्रास होत. आणि फ्लूचा सर्वांत मोठा धोका म्हाताऱ्यांनाच.

याच औषधाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. पार्किन्सनचा विकार असलेल्या एका बाईने फ्लू होऊ नये म्हणून ते घेतले, तर तिच्या हातापायांचा ताठरपणा कमी झाला. तिच्या डॉक्टरांनी पाठपुरावा केला आणि १९६९ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आज अमँटाडीन फ्लूसाठी कोणी देत नाही, पार्किन्सनसाठी मात्र अजूनही देतात.

फ्लूसाठी का देत नाहीत? कारण विषाणू त्याला दाद देईनासा झाला. त्या छिद्राच्या रचनेत एक बारीकसा बदल झाला की बूच बसतच नाही. चीनमध्ये कोंबड्यांना बर्ड फ्लू होऊ नये म्हणून शेतकरी हे औषध वापरत असल्याच्या बातम्या २००५ मध्ये आल्या. २००५-०६ च्या हिवाळ्यात अमेरिकेत तपासलेल्या एच३एन२ विषाणूंपैकी ९२ टक्के औषधाला जुमानत नव्हते. जानेवारी २००६ मध्ये तिथल्या सरकारी तज्ज्ञांनी ते फ्लूसाठी वापरू नका असे कळवले. त्याचेच भावंड असलेले रिमँटाडीन, जे सोव्हिएत संघात वर्षानुवर्षे वापरात होते आणि अमेरिकेत १९९३ मध्ये आले, तेही त्याच्याबरोबर बाद झाले.

कात्री आणि तिचे दोन शत्रू

दुसरी खोड ऑस्ट्रेलियात सापडली. नवे विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्या पृष्ठभागावरच्या एका शर्करेला चिकटून बसतात, गुळाच्या ढेपेला मुंगळे चिकटावेत तसे. सुटण्यासाठी त्यांच्यापाशी एक कात्री असते. तिला शास्त्रज्ञ न्यूरामिनिडेज म्हणतात. पीटर कोलमन, जोस व्हर्गीस आणि ग्रॅम लेव्हर यांनी १९८३ मध्ये या कात्रीची अगदी अणू-अणूची रचना प्रसिद्ध केली. तिच्या पात्यांमध्ये एक खोबण होती आणि ती फ्लूच्या सगळ्या जातींत जवळजवळ सारखीच होती. म्हणजे कुलूप दिसले, आता त्यात अडकून बसेल अशी किल्ली घडवायची राहिली. मेलबर्नमध्ये मार्क फॉन इट्झस्टाइन यांच्या गटाने ती घडवली आणि १९९३ मध्ये जाहीर केली. ते औषध झनामिव्हिर, ग्लॅक्सो कंपनीने बाजारात आणलेले नाव रेलेन्झा.

रेलेन्झा ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही जातींवर चाले. पण ते पोटातून नीट शोषले जात नाही, म्हणून त्याची भुकटी तोंडाने ओढून घ्यावी लागते. दम्याच्या रोग्याला त्यामुळे श्वासनळ्या आवळण्याची भीती. शिवाय परिणाम किती? साधारण एक दिवस आधी बरे वाटते, इतकाच. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १३ विरुद्ध ४ मतांनी त्याला नकार दिला. प्रशासनाने मात्र तो सल्ला बाजूला ठेवून जुलैमध्ये परवानगी दिली.

ब्रिटनमध्ये त्याच वर्षी ‘नाइस’ ही संस्था स्थापन झाली होती. राष्ट्रीय आरोग्यसेवेने कोणत्या औषधावर पैसा खर्च करावा हे सांगणे तिचे काम. तिच्यापुढे आलेल्या अगदी पहिल्या प्रकरणांपैकी एक होते रेलेन्झा. ऑक्टोबर १९९९ मध्ये नाइसने सांगितले की या हिवाळ्यात हे औषध देऊ नये. धडधाकट माणसाला एक दिवस आधी बरे वाटते हे ठीक, पण ज्यांच्या जिवाला धोका आहे त्या वृद्धांना आणि दमेकऱ्यांना त्याचा उपयोग होतो याचा पुरेसा पुरावा नाही. कंपनी संतापली, वृत्तपत्रांत गदारोळ झाला. वर्षभराने अधिक पुरावा आल्यावर नाइसने जोखीम असलेल्या प्रौढांसाठी परवानगी दिली. ‘इथले डॉक्टर औषध देत नाहीत’ ही आपली तक्रार या निर्णयाइतकी जुनी आहे. तिच्यामागे खर्चाचा विचार होता हे खरे, पण प्रश्नही रास्त होता : उपयोग नेमका कोणाला?

रेलेन्झाचा प्रतिस्पर्धी त्याच ऑक्टोबरात अमेरिकेत मंजूर झाला. कॅलिफोर्नियातील गिलियड कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच कात्रीवर चालणारे पण तोंडाने घेता येईल असे ओसेल्टामिव्हिर तयार केले आणि स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीला विकण्याचे हक्क दिले. हेच टॅमीफ्लू. प्रौढांना ७५ मिलिग्रॅमची एक कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस. दोन्ही औषधांचा गुण जवळपास सारखाच, पण भुकटी ओढण्यापेक्षा कॅप्सूल गिळणे सोपे. एवढ्या साध्या कारणाने टॅमीफ्लू पुढे गेले आणि रेलेन्झा मागे पडले.

टॅमीफ्लूचा कच्चा माल ऐकून आपल्या गृहिणींना नवल वाटेल. तो शिकिमिक ॲसिड नावाचा पदार्थ चक्रीफुलातून काढत. आपल्या मसाल्यात पडते तेच चक्रीफूल, काही घरांत त्याला बाद्यान म्हणतात. २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने टॅमीफ्लूची मागणी वाढली तेव्हा चीनमधल्या चक्रीफुलाला सोन्याचा भाव आला. मात्र यावरून कोणी चक्रीफुलाचा काढा करून पिऊ नये. फुलातले आम्ल आणि तयार औषध यांच्यामध्ये कारखान्यातल्या अनेक रासायनिक पायऱ्या आहेत. काढ्यात औषध नसते.

कोठारे भरली, आणि पुणे

२००५ ते २००९ ही वर्षे साठेबाजीची गेली. बर्ड फ्लू माणसांत पसरला तर काय, या धास्तीने सरकारांनी कोठारे भरायला सुरुवात केली. २००६ ते २०१३ या काळात ब्रिटनने टॅमीफ्लूवर ४२ कोटी ४० लाख पौंड आणि रेलेन्झावर १३ कोटी ६० लाख पौंड खर्च केले, असे इथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने पुढे नोंदवले. हा आपल्या सगळ्यांच्या करांचा पैसा.

मध्येच विषाणूने पुन्हा एक चाल खेळली. जानेवारी २००८ मध्ये नॉर्वेहून बातमी आली की तिथला एच१एन१ टॅमीफ्लूला दाद देत नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत जगभरातला नेहमीचा एच१एन१ जवळजवळ सगळाच तसा झाला. त्या विषाणूवर रेलेन्झा चाले, इतकेच नव्हे तर निवृत्त झालेले अमँटाडीनही चाले. इतक्यात २००९ मध्ये नवा एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लू आला आणि त्याने जुन्याला हाकलून त्याची जागा घेतली. या नव्यावर टॅमीफ्लू चालत होते, अमँटाडीन नाही. दोनच वर्षांत ‘कोणते औषध चांगले’ याचे उत्तर दोनदा बदलले!

२००९ चा तो उन्हाळा आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. इंग्लंडमध्ये जुलैत खास टेलिफोन सेवा सुरू झाली. लक्षणे सांगायची, नंबर मिळवायचा, आणि घरातल्या किंवा शेजारच्या धडधाकट माणसाने जाऊन गोळ्या आणायच्या. दहा लाखांहून अधिक कोर्स असे वाटले गेले. तिकडे ३ ऑगस्ट रोजी भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, तोही शाळकरी मुलीचा, आणि पुण्याचे चित्रच पालटले. शाळा, सिनेमागृहे बंद झाली, नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडेना. नमुने तपासायला पुण्यातलीच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था रात्रंदिवस राबत होती. आपले फोन इकडून तिकडे सुरू झाले. त्या वेळी भारतात टॅमीफ्लू फक्त सरकारी यंत्रणेमार्फत मिळे. दुकानांत सोडले तर लोक नुसत्या शिंकेवर गोळ्या खातील आणि विषाणू निगरगट्ट होईल, अशी सरकारला भीती होती. सप्टेंबरमध्ये ठरावीक दुकानांतून डॉक्टरच्या चिठ्ठीवर विक्री सुरू झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये दिल्लीच्या पेटंट कार्यालयाने या औषधाचे पेटंट नाकारले होते, त्यामुळे मुंबईच्या सिप्लासारख्या कंपन्यांचे स्वस्त ओसेल्टामिव्हिर मिळू शकले.

हिशेबाच्या वह्या उघडल्या

आता या इतिहासातला आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. टॅमीफ्लूने एक दिवस आधी बरे वाटते, एवढ्यासाठी कोणतेही सरकार कोट्यवधी पौंड खर्च करत नाही. खर्च झाला तो दुसऱ्या दाव्यावर, की त्याने न्यूमोनियासारखी गुंतागुंत टळते आणि रुग्णालयात जावे लागत नाही. हा दावा मुख्यतः २००३ च्या एका लेखावर उभा होता. त्यात दहा चाचण्या एकत्र केल्या होत्या.

२००९ मध्ये केजी हायाशी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला. जपान म्हणजे तेव्हा जगात सर्वांत जास्त टॅमीफ्लू खाणारा देश, म्हणून त्यांना तो पडला असावा. औषधांच्या पुराव्याची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने आपल्या अहवालात त्या लेखाचा आधार घेतला होता. हायाशींनी विचारले, या दहांपैकी फक्त दोन चाचण्या छापून आल्या आहेत, उरलेल्या आठ आपण पाहिल्या आहेत का? कॉक्रेनच्या टॉम जेफरसन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ कागद मागितले. ते मिळेनात. ब्रिटिश मेडिकल जर्नलने हा विषय लावून धरला. चार वर्षे पत्रव्यवहार चालला, आणि २०१३ मध्ये रोश कंपनीने संपूर्ण अहवाल द्यायचे कबूल केले. ग्लॅक्सोनेही रेलेन्झाचे दिले. एकूण १ लाख ६० हजारांहून अधिक पाने.

एप्रिल २०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. टॅमीफ्लूच्या २० आणि रेलेन्झाच्या २६ चाचण्या, मिळून २४ हजारांहून जास्त माणसे. टॅमीफ्लूने प्रौढांची लक्षणे सरासरी ७ दिवसांवरून ६.३ दिवसांवर आली, म्हणजे सुमारे १७ तासांचा फायदा. रेलेन्झाचा फायदा सुमारे १४ तासांचा. रुग्णालयात जाण्याचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही. आजारावर टॅमीफ्लू घेणाऱ्या साधारण दर २२ प्रौढांमागे एकाला औषधामुळे उलटीचा त्रास झाला.

यावर दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितली नाही तर हिशेब अपुरा राहील. त्या चाचण्यांत बहुतेक माणसे मुळात निरोगी होती. निरोगी माणूस फ्लूने क्वचितच रुग्णालयात जातो, मग तिथे फरक दिसणार कसा? त्याच वर्षी ३८ देशांतल्या २९ हजारांहून अधिक दाखल रुग्णांच्या २००९ ते २०११ मधल्या नोंदी तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या प्रौढांना पहिल्या दोन दिवसांत औषध मिळाले, त्यांच्यात मृत्यूचा धोका औषध न मिळालेल्यांच्या जवळपास निम्मा दिसला. उशीर झाला तसा लाभ घटत गेला. पण ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती, जुन्या नोंदींचा अभ्यास होता, आणि त्याला पैसा रोश कंपनीने दिला होता. म्हणून वाद पूर्ण मिटला नाही. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ओसेल्टामिव्हिरला आपल्या अत्यावश्यक औषधांच्या मुख्य यादीतून काढून पूरक यादीत टाकले.

एकदाच घ्यायचे औषध

२०१८ मध्ये आधी जपानमध्ये आणि मग अमेरिकेत बॅलोक्झाव्हिर आले. जपानच्या शिओनोगी कंपनीचा हा शोध. हे कात्रीला हात लावत नाही. विषाणू पेशीत आपल्या नकला काढायला बसतो त्याच कामात ते खोडा घालते. एकदाच घ्यायचे, की झाले. त्याची टॅमीफ्लूशी समोरासमोर तुलना झाली तेव्हा बरे वाटायला लागणारा वेळ दोन्हींत जवळजवळ सारखाच निघाला, सुमारे ५४ तास. औषध नसलेल्या, पण दिसायला तशाच गोळीने ८० तास लागले. फरक दिसला तो दुसरीकडे. बॅलोक्झाव्हिरने नाकाघशातला विषाणू लवकर नाहीसा होतो. त्यामुळे घरातल्या इतरांना लागण कमी होते का, हे एका मोठ्या चाचणीत पाहिले. २०२५ मध्ये तिचा निकाल आला. औषध घेतलेल्यांच्या घरी सुमारे साडेनऊ टक्के लोकांना लागण झाली, न घेतलेल्यांच्या घरी साडेतेरा टक्के लोकांना. मात्र या औषधालाही चकवणारे विषाणू पहिल्याच चाचण्यांत दिसून आले आहेत.

२०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी मार्गदर्शक सूत्रे काढली. साधा फ्लू, पण तो गंभीर होण्याचा धोका जास्त, अशा रुग्णांसाठी बॅलोक्झाव्हिरचा विचार करावा. दाखल झालेल्या गंभीर रुग्णांसाठी ओसेल्टामिव्हिरचा विचार करावा. बाकीच्या साध्या रुग्णांना विषाणूविरोधी औषधाची गरज नाही. दोन्ही शिफारशी ‘सशर्त’ आहेत, कारण पुरावा अजून भक्कम नाही.

तीच गोष्ट पुन्हा : रेमडेसिव्हिर

हा सगळा इतिहास ज्ञात असताना २०२१ चा एप्रिल उजाडला. आपल्यापैकी कित्येकांनी त्या महिन्यात रात्र-रात्र फोनवर काढल्या. नागपूर, नाशिक, पुणे, कुठूनही निरोप येई : डॉक्टरांनी रेमडेसिव्हिर आणायला सांगितले आहे, सहा इंजेक्शने, कुठे मिळतील? दुप्पट-दसपट भावाने ती विकली गेली. दागिने मोडले गेले. भारत सरकारने ११ एप्रिलला निर्यात बंद केली तरी टंचाई हटेना.

रेमडेसिव्हिर त्याच गिलियड कंपनीचे. अमेरिकेतल्या चाचणीत दाखल रुग्ण १५ ऐवजी १० दिवसांत बरे झाले होते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही, आणि नोव्हेंबर २०२० मध्येच संघटनेने ते देऊ नये असे सांगितले होते. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये कळले की तेच औषध आजाराच्या पहिल्या आठवड्यात, धोका जास्त असलेल्या पण दाखल न झालेल्या रुग्णांना तीन दिवस दिले तर दाखल होण्याचा किंवा मृत्यूचा धोका ८७ टक्क्यांनी घटतो. औषध तेच, फक्त वेळ वेगळी. श्वास लागल्यावर विषाणूपेक्षा शरीराचीच आग जास्त जाळत असते. तिथे जीव वाचवला तो डेक्सामेथासोन या जुन्या, अगदी स्वस्त स्टेरॉइडने. प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांना त्याचा उपयोग होतो हे इथल्याच रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले होते. म्हणजे एप्रिलमध्ये धावपळ चालली होती ती दुर्मीळ इंजेक्शनासाठी, आणि उपयोगी औषध मात्र कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे होते. हे दुःख कोणा एकाच्या चुकीचे नाही. घाबरलेल्या घराला ‘काहीतरी जबरदस्त’ हवे असते आणि जे मिळत नाही तेच जबरदस्त वाटते.

मोलनुपिराव्हिरचीही हीच कथा. ब्रिटनने नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याला जगात पहिली परवानगी दिली. मग इथेच २५ हजारांहून अधिक, बहुतेक सर्व लस घेतलेल्या, लोकांवर चाचणी झाली. लोक काही दिवस लवकर बरे झाले, पण दाखल होणे वा मृत्यू कमी झाले नाहीत.

मग आपण काय करावे?

आम्ही डॉक्टरांची जागा घेऊ इच्छित नाही. पण इतिहासातून निघणाऱ्या चार गोष्टी लिहून ठेवण्याजोग्या आहेत.

१) धडधाकट माणसाला फ्लू झाला तर या औषधांनी साधारण पाऊण ते एक दिवसाचा फायदा होतो. त्यासाठी डॉक्टरशी भांडण्यात अर्थ नाही.

२) पासष्टीच्या पुढची माणसे, गरोदर स्त्रिया, मधुमेह, दमा, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेले लोक यांच्यासाठी गोष्ट वेगळी. आपल्या समाजात मधुमेह किती घरांत आहे हे सांगायला नको. अशांनी ताप आल्यावर ‘बघू दोन दिवस’ म्हणू नये. या औषधांची किंमत पहिल्या ४८ तासांत आहे. त्याच दिवशी सर्जरीला फोन करावा आणि आपला मूळ विकार न विचारता सांगावा. फ्लूची साथ सुरू झाल्याचे सरकारने कळवले की जीपी अशा रुग्णांना ही औषधे लिहून देऊ शकतात. धाप लागली, ओठ निळे पडले, भ्रम झाला, तर थांबूच नये, ९९९ ला फोन करावा.

३) इथून औषधे पाठवू नयेत. ओसेल्टामिव्हिर भारतात चिठ्ठीवर मिळते. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याची मात्रा कमी करावी लागते, ती मुलाने फोनवरून ठरवायची गोष्ट नाही. आई-बाबांच्या कपाटात गोळ्या ठेवण्याऐवजी त्यांच्या डॉक्टरांचा नंबर आपल्या वहीत ठेवावा.

४) लस आधी, औषध नंतर. आणि अँटिबायोटिक फ्लूवर चालत नाही, मग ते कितीही महाग असो.

‘सर्वांत चांगले औषध कोणते?’ हा प्रश्न पुन्हा कोणी फोनवर विचारला, तर त्यांना उलट तीन प्रश्न विचारावेत : आजाराचा दिवस कितवा, रुग्ण कोण, आणि हे औषध चांगले आहे असे कोण म्हणते? हायाशी यांनी असाच एक साधा प्रश्न विचारला होता, आणि त्यामुळे १ लाख ६० हजार पाने उघडी झाली. आपल्या प्रश्नाने निदान एखाद्या घराची रात्रीची धावपळ वाचली तरी पुष्कळ झाले.

वाचकांनी आपले विचार व शंका मंडळाकडे जरूर लिहून कळवाव्यात.